टोप वरच्या आळीत, झाकण खालच्या आळीत

माझ्या थोरल्या नणंदेइतकी वस्तूंची ताटातूट करणारी बाई मुरबाड-शहापूरकडं दुसरी झाली नसेल. वन्संच्या घरात पाटा होता, वरवंटा शेजारणीकडे. शिवणाचं मशीन त्यांच्या ओटीवर, कात्री मास्तरणीकडे. आमचं चर्च म्हणजे धसईच्या बाजूला माळावरची एक कौलारू खोली. तिचा कारभार वन्संकडे आला आणि तिथंही तीच गत झाली. कापणीच्या सणाला सगळ्यांचा भात ज्यात शिजे, तो भलामोठा टोप वरच्या आळीत आमच्याकडे, त्याचं झाकण खालच्या आळीत मार्थाकडे, आणि झारा चर्चशी काही घेणंदेणं नसलेल्या पाटलीणबाईंकडे. पाटलीणबाई दर सणाला झाऱ्यासोबत यायच्या आणि पहिल्या पंगतीला बसायच्या. मी एकदा विचारलंच, “वन्सं, असं का ओ?” म्हणाल्या, “अख्खी वस्तू एका घरात ऱ्हायली का माणूस दार लावून घेतो.” मी भारावून बघतेय तोवर पुढचा प्रश्न आला, “माजा चष्मा कुणाकडं ठेवलाय गो?” हे शहाणपण की विसराळूपणा, हे कोडं मला तेव्हापासून पडलंय.

एका वर्षी चर्चच्या छपरावरून वाजलं. वरच्या आळीला कौलंच हवी होती, खालच्या आळीला पत्रे. बोलणं इतकं वाढलं की खालच्या आळीनं येत्या रविवारपासून वेगळी उपासना भरवायचं ठरवलं. म्हणजे मूठभर माणसांची दोन चर्चं! मी तेव्हा नवी सून, दहावी पास, म्हणून सर्वज्ञ. छपरातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण अबोल्याला ज्ञान लागत नाही. मार्थाशी मी बोलणं टाकलं. वन्सं एवढंच म्हणाल्या, “भरवा वेगळी. पण उद्याचा सण एकाच टोपात.”

सणाच्या सकाळी मार्थाच्या दारात कोण जाणार? मी घरची परात आणली आणि ऐटीत टोपावर ठेवली. परात टोपाच्या तोंडाहून दोन बोटं लहान निघाली आणि सरळ जाऊन भातात बसली. वाफ भसाभस बाहेर, परात आत, भात कच्चा. आत चर्चमध्ये उपासनेला उभ्या वन्संना काय ते कळलं असावं, कारण संपत आलेलं गीत त्यांनी पुन्हा पहिल्या कडव्यापासून उचललं. मी पदर खोचून खालच्या आळीत पळाले. मार्था उंबऱ्यात झाकण मांडीवर घेऊन बसलेली.

“आलीस गो? सकाळपास्नं घासून बसलेय.”

“दे लवकर.”

“झाकन एकटं येनार नाय. दोन कड्या हायत, दिसत नाय का तुला?”

एक कडी तिनं धरली, एक मी. झाकणामागं तिची सासू निघाली, सासूमागं पोरं, पोरांमागं अख्खी खालची आळी. भात खाली जरासा लागलाच. पण करपलेल्या भाताला नावं ठेवताना दोन्ही आळ्यांचं प्रथमच एकमत झालं. रविवारी उपासना एकच भरली. छपराचं भांडण मात्र अजून चालू आहे, एकाच चटईवर बसून.

आता सणाला केटररचा टेंपो येतो. सून म्हणते, “आई, टोप-झाकण एकत्र ठेवूया.” मी नाय म्हणते. वन्सं सापगावला लेकीकडे असतात. मागल्या महिन्यात भेटायला गेले, तर ओळखलं नाही. बराच वेळ माझा हात हातात घेऊन बसल्या. मग एकदम विचारलं, “झाकन कुठंय?”

“खालच्या आळीत, वन्सं.”

“मग बरंय,” म्हणाल्या, आणि शांतपणे आपला चष्मा माझ्या हातात देऊन मोकळ्या झाल्या.