गुलाबाची बाटली

मृत्यू समोर दिसला की माणसाला आयुष्याचा अर्थ कळतो, असं म्हणतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अॅडेनोकार्सिनोमा, स्टेज फोर." म्हणजे माझ्या बायकोला, मंदाला, फुप्फुसाचा कॅन्सर, हाडांपर्यंत पसरलेला. मला तेव्हा एवढंच कळलं की माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय. मंदाला ते आधीच दिसलं होतं. तंबाखूला तिने जन्मात हात लावला नव्हता.

नाशिकच्या त्या दवाखान्यात केमोच्या दोन सायकल झाल्या. केमो म्हणजे दिवसभर शिरेतून सोडायचं औषध. मंदा निम्मी झाली, गाठ तेवढीच राहिली. मग डॉक्टरबाईंनी आपली खुर्ची माझ्याकडून तिच्याकडे वळवली.

"मंदाताई, तुम्हाला दिवस कसे घालवायचेत?"

हे तिला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

"घरी. मळ्यात झेंडू तोडायला आलाय."

मग रोज एक गोळी सुरू झाली. टार्गेटेड थेरपी, म्हणजे कॅन्सरच्या पेशींची वाढ नेमकी अडवणारं औषध. तेव्हा ते नवीनच होतं. "आजार जाणार नाही," बाई म्हणाल्या. "लागू पडलं तर काही काळ थांबेल." अंगावर पुरळ उठलं, पोट बिघडलं, पण दम परतला. दसऱ्याचा झेंडू तिने स्वतः तोडला.

सटाण्याहून तिचे थोरले भाऊ आले. "दाजी, नुसती गोळी? सलाईन बी नाय? उद्याच मुंबईला हलवतो तिला."

मंदाने मला आत बोलावलं. "अहो, गुलाबाची बाटली आणा."

सलाईनची रिकामी बाटली आम्ही कुंडीतल्या गुलाबाला ठिबक म्हणून लावली होती. ती पाणी भरून खिळ्याला टांगली, नळी चादरीखाली सोडली. भावांनी निवांत चहा घेतला. "आता कसं, इलाज चालू हाय असं वाटतं!" ते गेल्यावर मंदा पोटभर हसली, मग बराच वेळ खोकली.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर आधी पेशंटला विचारा. पाहुण्यांना चहा द्या.

पुढच्या हंगामात गोळी चालेनाशी झाली. झेंडूच्या वासानेही तिला धाप लागे. आम्ही फुलांची माणसं. फुलं अंगणाबाहेर नेऊन ठेवली. ती घरीच गेली. डोकं माझ्या दंडावर होतं. मला वाटलं, डोळा लागला.

त्या वळवलेल्या खुर्चीचा मी आजही ऋणी आहे.

दशक्रियेला गोदाकाठी तिचे भाऊ भेटेल त्याला सांगत होते, "इलाजात काही कमी नाय पडलं. सलाईनसुद्धा लावलं होतं."