भिंगरीची घरची शाळा

पार्लरवाली बाई निर्णयाला पक्की. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत तिने ठरवलेलं असायचं की या चेहऱ्याला काय शोभेल. "थोडे लांबच ठेवू या का?" असं कुणी चाचरत विचारलं, की ती आरशातून एक नजर टाकायची आणि म्हणायची, "ठेवू की. मग मला बोल लावू नका." बहुतेक जणी मुकाट मान खाली घालायच्या. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी बाक आणि मागे पडद्याआड राहतं घर, एवढं तिचं राज्य. अशा बाईला एका प्रश्नाने महिनाभर नुसतं गरागरा फिरवलं, आणि तो प्रश्न तिच्या पोटच्या पोरीचा होता.

पोरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणत. वय वर्षं नऊ. दात घासायला म्हणून मोरीत जायची आणि तोंडात ब्रश तसाच धरून गच्चीवर मुंग्या बघत बसलेली सापडायची. एक बूट घालून झाला की दुसऱ्याची आठवण राहायची नाही. गोष्ट मात्र एकदा ऐकली की अख्खी पाठ, वर तिच्या पदरचं एखादं पात्र फुकट. पण तीच गोष्ट पुस्तकातून वाच म्हटलं की अक्षरं तिच्यापुढे धड उभीच राहत नसत. 'कपाट'चं 'पकाट' व्हायचं, ओळ संपायच्या आत डोळे खिडकीबाहेर जायचे आणि परत यायला काही तयार नसायचे.

एके दिवशी शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिकाबाई हात जुळवून बसल्या होत्या. शेजारी वर्गशिक्षिका, केसांत खडूची भुकटी, डोळ्यांखाली काळं.

"काल गणिताच्या तासाला तुमची मुलगी उठली आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसली," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"का?"

"तिथे गोष्ट चालली होती म्हणे. भिंतीतून ऐकू येत होती."

पार्लरवालीला हसू आलं. ते तिने खोकून लपवलं. मुख्याध्यापिकांनी मग डॉक्टरांचा कागद पुढे ओढला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून आधीच सांगितलं होतं, की मुलीचं लक्ष टिकत नाही आणि तिला वाचन जड जातं. पण हा आळस नव्हे, वात्रटपणाही नव्हे. तिच्या कलाने शिकवलं तर ती शिकेल.

"एकेका वर्गात चाळीस-चाळीस मुलं आहेत हो आमच्याकडे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांचा आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. "एकेकीच्या कलाने कसं घेणार? काही पालक घरीच शिकवतात. तशी परवानगी मिळते. विचार करा."

झालं. ती विचार करायला लागली आणि हातातली कला गेली. एका बाईंच्या कपाळावरच्या झालरीची एक बाजू वर, एक खाली झाली. त्या बाईंना ती नवी फॅशन वाटली, म्हणून निभावलं.

नवरा बसचालक. जगबुडी आली तरी आधी आरशात मागचं बघून घेणारा माणूस.

"अहो, काय करायचं पोरीचं?"

"बघू."

"कधी बघणार? लग्नाआधी घर बघू म्हणाला होतात, अजून बघताय!"

"अगं, वळण आंधळं असलं की वेग कमी करावा," तो म्हणाला आणि वेग इतका कमी केला की घोरायलाच लागला.

खुर्चीत बसणाऱ्या मात्र वेग कमी करणाऱ्यातल्या नव्हत्या. औषधांच्या दुकानातल्या काकू म्हणाल्या, "काढ तिला शाळेतून. पोर कोमेजेल नाहीतर." त्यांच्या शेजारच्या खुर्चीतली वकीलबाई केस धुताना डोळे मिटूनच गरजली, "अजिबात काढू नका! घरात बसली की एकलकोंडी होईल." बाकावरची एक आजी म्हणाली, "आमच्या वेळी असले आजार नव्हते." तिच्याच नातीने सांगितलं, "आजी, तू तर दुसरीत शाळा सोडलीस ना?"  पार्लरवालीला सगळ्यांचंच पटायचं. सकाळी ती घरी शिकवायचं ठरवायची आणि संध्याकाळी दुकान झाडताना शाळेत ठेवायचं.

शेवटी तिने शाळेला विचारून दोन आठवडे मागून घेतले. घरी करून बघते, जमलं तर पुढचं बोलू. मुख्याध्यापिकांनी इतक्या चटकन होकार दिला, की तिला जरा रागच आला.

घरच्या शाळेची सुरुवात झोकात झाली. पडद्यामागच्या खोलीत टेबल भिंतीला लावलं, खिडकी झाकली, रेडिओ कपाटात कोंडला. आईने ताटलीवर चमचा वाजवून घंटा दिली.

"आई, मधली सुट्टी कधी?"

"अगं, आत्ता घंटा झाली!"

"तेच म्हणते. घंटा झाली ना?"

पहिले काही दिवस मजेत गेले. भिंगरीने गुणाकार जिन्याच्या पायऱ्यांवर उड्या मारत पाठ केले आणि खालच्या मजल्यावरचे काका तिसऱ्या दिवशी डोकं धरून वर आले. बाबांनी सुट्टीच्या दिवशी भूगोल घेतला. त्यात पृथ्वी, खंड, महासागर काही नव्हतं. फक्त कुठल्या डेपोतून कुठली गाडी सुटते ते होतं, पण ते भिंगरीला घडाघडा आलं. पार्लरवालीला वाटलं, अरे, हे तर जमतंय की! काकूंना तिने तसं ऐकवलंसुद्धा.

घोडं अडलं वाचनापाशी. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असायचं आणि ही पडद्याआड एका परिच्छेदावर पोरीचं बोट धरून बसलेली. एका बाईंच्या डोक्याला रंग लावून ठेवलेला, तो धुवायची वेळ टळत चाललेली. भिंगरी तिसऱ्यांदा त्याच ओळीत अडखळली, मग टेबलाखाली वाकली, मग टेबलाखालूनच म्हणाली, "आई, कोळ्याला पाय दुखतात का गं?"

"नीट बस!" पार्लरवाली ओरडली. "किती वेळा सांगायचं? लक्ष कुठे आहे तुझं? सोपं तर आहे! दुसऱ्या मुली नाही वाचत?"

तिच्या हातातला कंगवा टेबलावर आपटला आणि त्याचे दोन दात तुटून उडाले. बाहेरच्या बाईंनी घाबरून विचारलं, "रंग धुवायचा का हो?"

भिंगरी टेबलाखालून बाहेर आली. रडली नाही. जरा विचार करून तिने विचारलं, "आई, शाळेत बाई रागावल्या की मी घरी येते. आता तू रागावलीस, तर मी कुठे जाऊ?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच पत्ता हवा होता.

 पार्लरवालीने पोरीला जवळ ओढलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा, गच्चीवर जाऊन ये." मग ती बाहेर जाऊन रंग धुवायला लागली. तपकिरी हवा होता, तो चांगला वांग्याच्या सालीसारखा झाला होता. त्या बाईंनी आरशात पाहिलं, पार्लरवालीचे भरून आलेले डोळे पाहिले, आणि बिचाऱ्या म्हणाल्या, "छान आहे. वेगळा आहे."

त्या दिवशी तिला एक गोष्ट कळून चुकली. पोरीला ती जन्मभर सांभाळेल, तिच्यासाठी भांडेल, तिला हसवेल. पण तिची मास्तरीण होणं तिला जमायचं नाही. आणि तिची आई तर दुसरी कुणी होणार नव्हती. दुसऱ्या कुणा आईला दोन्ही जमतही असेल. हिला नाही. हे कबूल करायला तिला जड गेलं, कारण काकूंना आधीच मोठ्या तोऱ्यात सांगून झालं होतं.

पण म्हणून पोरीला पुन्हा तशीच शाळेच्या त्या बाकावर नेऊन बसवायची, हेही मन घेईना. याच घोळात असताना शनिवारी दुपारी पार्लरचं दार ढकलून कोण यावं? वर्गशिक्षिका!

"फार वाढलेत," त्या केसांना हात लावत म्हणाल्या. "आणि भिंगरी कशी आहे तेही बघावं म्हटलं."

पार्लरवालीने त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, केस ओले केले आणि डाव्या बाजूचे खांद्यापर्यंत कापून टाकले. मग कात्री थांबवली.

"बाई, तिला मागच्या बाजूला उभं राहून शिकू दिलं तर?"

"उभं?"

"एक उंच टेबल मी देते. आणि परीक्षेत तोंडी विचाराल? पुस्तकातलं सगळं सांगते ती. कुणी वाचून दाखवलं, तर."

बाईंनी आरशात पाहिलं. उजवे केस पाठीवर, डावे खांद्यावर. "तुम्ही अर्धे केस कापून अटी घालताय," त्या म्हणाल्या.

"छे हो! उरलेले कापतेच आहे. पण जरा सावकाश."

दोघी एकदम हसल्या. मग बाई गंभीर झाल्या. "खरं सांगू? ती नाही तर वर्ग अगदी गप्प आहे. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही. नंतर पोरं विचारायला लागली, भिंगरी कधी येणार म्हणून. गोष्टीचा शेवट तीच बदलते ना." त्यांनी कापडाखालून हात काढून नाक पुसलं. "मला मदत नाही हो. चाळीस जणांत मी तिला ओरडते, कारण ओरडणं पटकन होतं. उंच टेबलाचं मी मोठ्या बाईंशी बोलते. वाचन शिकवणाऱ्या एक बाई शाळेबाहेर आहेत, अशाच मुलांना शिकवतात. दुपारनंतर तिला तिथे पाठवाल?"

उजवी बाजू कापताना पार्लरवालीचा हात पुन्हा पहिल्यासारखा चालला. संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी म्हटलं होतंच, बघू." तिने त्याला टॉवेल फेकून मारला.

मोठ्या बाईंनी कुरकुर केली, पण टेबल आत घेतलं आणि तोंडी परीक्षेलाही हो म्हटलं. भिंगरी दुपारपर्यंत शाळेत जाऊ लागली आणि आठवड्यातून दोनदा वाचनवाल्या बाईंकडे. त्या तिला वाळूत बोटाने अक्षरं काढायला लावत, एकेक अक्षर तोडून पुन्हा जोडून दाखवत. जादू काही झाली नाही. वर्ष सरताना ती पानभर वाचू लागली, तेही ओळीखाली पट्टी धरून, दोनदा पाणी पिऊन. गणितात बरी, शुद्धलेखनात आनंदीआनंद. काही दिवस सरळ जात, काही दिवशी ती रुसून बूट भिरकावून देई. मग दोघी मायलेकी दुकान बंद करून एकमेकींच्या वेण्या घालत बसत. त्यात अभ्यास अजिबात नसे.

पाचवीला नवे सर आले. उंच, कडक, मिशीवाले. पार्लरवालीने आदल्या आठवड्यापासून भाषण तयार केलं होतं. डॉक्टर काय म्हणाले, टेबल का उंच, तोंडी परीक्षा का. आरशासमोर उभं राहून चारचौघींवर त्याची तालीमही झाली होती. वर्गाच्या दाराशी तिने घसा साफ केला, तेवढ्यात भिंगरी पुढे झाली.

"सर, मी बसले की मला ऐकू येत नाही. उभी राहिले की येतं. आणि वाचायला मला उशीर लागतो, पण मी पोचते."

सरांनी मिशीला हात लावला. "उभी राहून दमणार नाहीस?"

"दमले की बसेन. तेव्हा तुम्ही थोडं मोठ्याने बोला."

"बरं," सर म्हणाले आणि तिचं टेबल कुठे ठेवायचं ते बघायला आत वळले.

पार्लरवाली दारातच राहिली. एवढं घोटलेलं भाषण सगळं फुकट गेलं होतं. रस्त्याने परत येताना ते तिने निदान बसथांब्यावरच्या एका अनोळखी बाईंना तरी पूर्ण ऐकवलं.