जवल्याशेजारी वाळवलेले हॉप्स

माझा नवरा घरी बियर करतो. हे कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात: हे कायद्यात बसतं का, आणि आम्हाला कधी पाजणार. पहिल्याचं उत्तर मी देत नाही, मी वकील नाही. दुसऱ्याला मी सरळ सांगते, दुकानातली घ्या, बरी असते.

अगदी खरं सांगायचं तर त्याची बियर सुरुवातीला वाईट नव्हती. माणूस कारखान्यात बॉयलर सांभाळतो, त्याला तापमान कळतं, स्वच्छता कळते. बिघडलं ते बचतीपायी. आणि बचत करायची ती नेमकी हॉप्सवर.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. परदेशात ती वाळवतात, दळतात आणि गुरांच्या पेंडीसारख्या हिरव्या गोळ्या करून चंदेरी पाकिटात भरतात. बियरला कडवटपणा आणि वास यांनीच येतो. मूठभर गोळ्यांचं पाकीट चांगल्या पापलेटांच्या जोडीच्या भावात पडतं, आणि एका खेपेत संपतं. नवऱ्याला हा खर्च डाचायचा. मोठं पातेलं घेतलं तेव्हा डाचला नाही, काचेच्या नळ्या मागवल्या तेव्हा डाचला नाही. हॉप्स दिसले की लगेच याच्यातला मध्यमवर्गीय जागा व्हायचा.

आमच्या वरच्या मजल्यावर त्याच्याच कंपनीतला एक केमिस्ट राहतो. तो स्वतः काही करत नाही, फक्त सल्ले देतो आणि पितो. त्याच्या सल्ल्याने एकदा वापरलेले हॉप्स गाळून, पुढच्या खेपेला पुन्हा उकळायला म्हणून ठेवले गेले, माझ्या चटणीच्या डब्यात, न विचारता. मग एकदा हॉप्सऐवजी काडेचिराईत घातलं. का, तर दोन्ही कडूच. ती बियर मी मोरीत ओतली. नंतर बरेच दिवस मोरीत झुरळ दिसलं नाही, एवढा एक फायदा.

त्यांच्या सगळ्या युक्त्यांतली एकच मला पटली होती: जास्त कडू जातीचे हॉप्स घ्यावेत, म्हणजे कमी लागतात. लागतील तेवढेच, छोट्या पाकिटात. इथे दोघं थांबले असते तर मी काही बोलले नसते.

पण याच सुमारास सातपाटीला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि नवऱ्याने माझ्या भावाला शब्द दिला.

आमचं लग्न झालं तेव्हा नवरा घाटावरून नोकरीसाठी आलेला, आणि मी सातपाटीची, बोटवाल्यांची मुलगी. माझ्या माहेरच्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं. त्याला जावयाचा मान दिला, आणि तो आजतागायत देत आहेत. गेला की खुर्ची, पंख्याचा वारा, सगळ्यात मोठं पापलेट. कुणी त्याच्याशी भांडत नाही, चेष्टा करत नाही, साधी पिशवी उचलू देत नाही. बाकीचे पुरुष जाळ्यांवरून, डिझेलवरून, मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीवरून एकमेकांच्या आया काढत असतात आणि हा मध्ये बसून "हो का?" म्हणतो. वर्षानुवर्षं त्याला हे खुपत होतं. तो कधी बोलला नाही, पण सातपाटीहून बोईसरला परत येताना अर्ध्याहून जास्त वाट, उमरोळीपर्यंत, गाडीत गप्प असायचा.

म्हणून सुपारी फोडून लग्न पक्कं केलं त्या दिवशी त्याने जाहीर केलं, "दादा, हळदीला घरच्या माणसांची बियर माझ्याकडून. माझ्या हातची."

दादा म्हणाला, "वा, जावईबापू! मग आमाला काय काळजीच नाय."

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. त्या दिवशी प्यायला कमी पडलं किंवा वाईट निघालं तर ते नातवंडांपर्यंत सांगतात. नवऱ्याला एकदाच, एकाच संध्याकाळी, पाहुण्याच्या खुर्चीतून उठायचं होतं. मला ते कळलं होतं. त्यामुळे त्याने चांगले हॉप्स मागवले असते तर पैसे मी दिले असते.

त्याने केमिस्टला विचारलं.

केमिस्ट म्हणाला, "किलोचं पाकीट घ्या. भाव निम्म्यावर येतो. अर्धं मी घेतो."

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका पॅकेजिंग कंपनीत खरेदी विभागात आहे. निम्म्या भावाने घेतलेला माल ठेवायला जागा लागते, टिकवायला वीज लागते आणि संपवायला गिऱ्हाईक लागतं, हे मी दर महिन्याला कुणाला ना कुणाला समजावते आणि त्याचा पगार घेते. घरी फुकट सांगितलं म्हणून त्याची किंमत राहिली नाही.

किलोचं पाकीट आलं. केमिस्टची बायको म्हणाली, आमच्या फ्रीजरमध्ये मटार आहेत. झालं. केमिस्टचा अर्धा वाटा तिथेच विरघळला, आणि अख्खा किलो माझ्या फ्रीजरमध्ये, कोलंबीच्या डोक्यावर येऊन बसला. पाकीट एकदा फोडल्यावर आतली हवा काढून पुन्हा सीलबंद करायचं असतं. त्याचं यंत्र मिळतं. पण यंत्राला पैसे पडतात, म्हणून नवऱ्याने पाकिटाचं तोंड दुमडून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला.

शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते. त्या शुक्रवारी ती गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. फ्रीजरमधला बर्फ वितळला, पाणी पाकिटात गेलं, आणि गोळ्या फुगून हिरवा चिखल झाला.

"फेकून दे," मी म्हटलं.

"अगं, किलोभर आहे!"

"किलोभर होतं. आता कचरा आहे. हळदीपुरतं छोटं पाकीट मागव, वेळ आहे."

"मग बचत काय झाली?"

मी वितळलेल्या बर्फाचं पाणी पुसायला घेतलं. ऑफिसातही लोक हेच विचारतात. माल कुजलेला समोर दिसत असतो, आणि त्यांना वाटतं की वापरला नाही तर नुकसान होईल.

वाळवायचं त्याने ठरवलं. बोईसरला गच्चीवर वाळवायचं म्हणजे कारखान्यांचा धूर त्यात मुरणार, हे त्याला कळत होतं, तेवढी अक्कल होती. स्वच्छ हवा पाहिजे, समुद्राची पाहिजे, असं म्हणून रविवारी तो चिखलाचा डबा घेऊन माझ्याबरोबर सातपाटीला आला. मी आणि भाची साड्यांसाठी पालघरला गेलो. आम्ही परत आलो तेव्हा दादाच्या गच्चीवर एका बाजूला जवला पसरलेला, आणि त्याच्या अगदी शेजारी, वहिनीच्या जुन्या साडीवर, नवऱ्याचा हिरवा चिखल.

वहिनीने सांगितलं, "जावईबापू बोलले बियरचा मसाला हाय, ओला झालाय. आमी बोललो, मग उनात टाका, दुसरं काय."

तिची काही चूक नाही. सातपाटीत ओलं झालेलं काहीही वाचवायचा एकच मार्ग आहे: ऊन. बोंबील, जवला, मांदेली, सगळं वाळतं आणि वाचतं. पण हॉप्सना ऊन आणि हवा हेच दोन शत्रू, म्हणून तर ते चंदेरी पाकिटात येतात. हे त्या पाकिटावरच छापलेलं असतं, आणि नवऱ्याने मला वर्षभर दर जेवणाला ऐकवलेलं होतं. तो तिथे उभा राहून, दाताळ्याने चिखल खालीवर करत, आपल्याच शिकवणीचा सत्यानाश करत होता आणि खूश होता.

"वास बघ, अजून आहे," म्हणाला.

वास होताच. हॉप्सचाही होता, जवल्याचाही होता.

संध्याकाळपर्यंत त्याची कडक हिरवट-तपकिरी पापडी झाली. तिचा चुरा करून त्याने बियर केली. हाताशी भरपूर असल्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच घातला. हेही मला अपेक्षित होतं. तेलाचा अख्खा डबा आणला की भजी जास्त होतात, तसंच. जपून वापरण्यासाठी जास्त माल घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बाटल्या भरायच्या दिवशी मी चमचाभर चाखली. आधी कडू, मग खूप कडू, आणि मग मागून जुन्या चीजसारखा, पायमोज्यांसारखा एक वास, ज्याच्या तळाशी जवला शांतपणे बसलेला.

"मुरल्यावर जाईल," नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, त्यावरून त्यालाही कळलंय हे मला कळलं.

केमिस्टने अर्धा ग्लास पिऊन "कॅरेक्टर आहे" असा निकाल दिला. त्या दिवसापासून मी त्याच्या बायकोशीच बोलते.

हळद आठवड्यावर आली होती. मी ऑफिसातून वहिनीला फोन केला आणि म्हटलं, बियर बिघडली आहे, दादाला सांग दुकानातून बियरची खोकी मागव, पैसे मी देते, माझ्या नवऱ्याला कळू देऊ नका.

वहिनी हसली. "बाय, खोकी कधीच सांगून ठेवलीत. सुपारी झाली त्याच दिवशी. आमी काय जावयाच्या भरवशावर हलद करतो?"

फोन ठेवल्यावर मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला, आणि तो नवऱ्यावर नव्हता. "काळजीच नाय" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारायची आणि त्याच संध्याकाळी दुकानदाराला फोन करायचा! त्याची बियर सोन्यासारखी झाली असती तरी ती कुणाला नको होती. लहान मुलाने आणलेल्या चित्रासारखी ती कौतुकाने बघून बाजूला ठेवायची होती. मी नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. बाटल्या गाडीत चढवायला मदत मात्र केली, जी मी एरवी करत नाही.

हळदीच्या दिवशी उजेड असतानाच पुरुष गच्चीवर जमले. नवऱ्याने बाटल्या उघडल्या, ग्लास भरले, सगळ्यांना स्वतः नेऊन दिले. मी सुकी कोलंबी तळून वर नेत होते, म्हणून मला सगळं दिसलं.

"छान हाय, पावणं."

"वेगली हाय."

"इदेसी लागते."

एकेक घोट घेऊन प्रत्येकाने ग्लास कठड्यावर ठेवला. कठड्यावर भरलेल्या ग्लासांची रांग लागली. गोड खोटं बोलण्याइतके हे लोक एरवी मऊ नसतात. भावकीतल्या माणसाने वाईट दारू आणली असती तर त्याला तिच्यातच बुडवला असता. नवरा रांगेकडे बघत होता आणि थंडावा, मुरणं, फेस यांच्याबद्दल काहीतरी समजावत होता. दादा मान डोलावत होता. मला दादाच्या कानाखाली मारावंसं वाटलं.

तेवढ्यात माझी आत्या वर आली. आयुष्यभर पालघरच्या बाजारात मासे विकलेली बाई, मान वगैरे तिने कधी कुणाला दिला नाही. तिने कठड्यावरचा एक ग्लास उचलला, मोठा घोट घेतला, थांबली, आणि कठड्यावरून खाली थुंकली.

"कोणी केलं हे?"

दादा घाईने म्हणाला, "आत्या, जावईबापूंनी घरी केलीय, मेहनतीनं—"

"मेहनतीनं जवल्याचं पानी केलंय!" आत्या नवऱ्याकडे वळली. "काय रे, वाळत घातलेलं सगलं पिळून आणलंस काय?"

नवऱ्याचा चेहरा आधी लाल झाला. मग तो म्हणाला, "पिळलं नाही, आत्या. शेजारी वाळवलं. हॉप्स भिजले होते, फेकवेनात. पैसे वाचवायला गेलो."

"अरे मग जवलाच घालायचा! तो फुकट दिला असता मी."

दादाला पहिल्यांदा ठसका लागला. मग तो हसायला लागला आणि थांबेना. त्याच्या मागोमाग सगळे सुटले. कुणी म्हणालं, याच्यात भात घाला, कालवण होईल. कुणी म्हणालं, बोटीच्या तळाला लावा, शंख-शिंपले चिकटणार नाय. एकाने ग्लास नाकाशी नेऊन ओकारी आल्याचा अभिनय केला. घाटावरच्यांना जवला कसा ओळखायचा ते शिकवा रे, असं कुणीतरी ओरडलं. नवरा मध्ये उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "आणि एवढं ओळखता तर मघाशी छान हाय म्हणून कोण बोललं? खोटारडे साले!"

असं त्या घरात तो पहिल्यांदाच बोलला असावा.

"बस कर, शाण्या," दादा डोळे पुसत म्हणाला. "खाली खोकी आलीत दुकानाची. जा, घेऊन ये वर. आणि तो बर्फ फोड, लादी तशीच पडलीय."

वहिनी जिन्यात होती. ती सवयीने म्हणाली, "अवं, त्यांना कशाला सांगता—"

"त्यालाच सांगतो! आमाला जवला पाजला त्यानं."

नवरा खाली गेला. खोकी वर आणताना एक जिन्यात आपटलं, त्याबद्दल त्याला शिव्या पडल्या. मग तो पँट दुमडून बर्फाच्या लादीसमोर उकिडवा बसला आणि टोच्याने मारू लागला. बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस, त्याला बर्फ कुठे फोडता येणार! तुकडे भलतीकडे उडत होते.

"आडवा नको रे मारू, उभा मार, उभा!" दादा त्याच्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता. "बाय, काय शिकवलंस याला इतकी वर्सं?"

"माझं ऐकतो कुठे तो," मी म्हटलं, आणि कठड्यावरचे ग्लास गोळा करून खाली नेले. ओतायचे होते, आणि ग्लास कमी पडत होते.