दाऊदभाई वर बघत नसत

फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पलीकडून सलीम, दाऊदभाईंचा मुलगा. हे पोरगं माझ्या स्वयंपाकघरात बसून मोठं झालं. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आंटी, अब्बा इज नो मोर," एवढंच म्हणाला. दोघंही नुसते फोन धरून होतो... कणकेच्या हातानं धरलेला रिसीव्हर नंतर कितीदा पुसला, पण बोटांच्या खुणा अजून गेल्या नाहीत. आता दीड महिना होईल त्याला.

इथं बहरीनला, मनामाच्या जुन्या बाजारामागं आमची इमारत. समोरासमोर दोन दारं, एक आमचं, एक दाऊदभाईंचं. आमचे हे सित्र्याला रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, दाऊदभाई लाँचवरचे नाखवा, म्हणजे लाँचचे मुख्य. आम्ही नागपूरकडचे, बौद्ध. ते रत्नागिरीच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान. आमचं "जयभीम" अन् त्यांचं "सलाम वालेकुम" जिन्यात रोज एकमेकांना भेटायचं. मी आल्या-आल्या त्यांच्या बायकोला, जैनबभाभींना विचारलं होतं, "तुमचं मराठी मला कळेल ना हो?" तर भाभी म्हणाल्या, "तुमचं आमाला कळलं म्हंजे बास!"

आम्ही राहायला आलो ते कुवेतचं युद्ध संपल्यावर वर्षभरानं. पहिल्याच दिवशी दाऊदभाई दारात उभे राहिले. उंच माणूस, पांढरी दाढी, मान खाली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, तुमच्या दारातल्या फरशीचा कोपरा उडालाय. पोरांच्या पायाला लागंल." मी तीन दिवस त्या घरात वावरत होते, मला दिसला नव्हता. मला वाटलं, किती सभ्य माणूस, परक्या बाईच्या तोंडाकडं बघत नाही. पुढं लक्षात आलं, ते कुणाच्याच तोंडाकडं बघत नाहीत. ह्यांच्याशी बोलताना ह्यांच्या बुटांकडं. सलीम मार्कशीट दाखवायला आला तरी त्याच्या मोज्यांकडं. लोक म्हणायचे, शरीफ आहे, नमाजी आहे. जैनबभाभी तेवढ्या चिडवायच्या. "वैनी, याना इचारा माझं तोंड कसं हाय. सांगता येनार नाय! आमच्या घरात मानसं नाय राहत, चपला राहतात." दाऊदभाई खाली बघतच हसायचे. "तुझी डावी चपल घासलीय. नवी घे," म्हणायचे. भाभींनी कानातले नवे केले तर यांना महिनाभर पत्ता नाही, पण त्यांचा अंगठा ठेचलेला पहिल्यांदा यांनाच दिसायचा.

अन् खोटं कशाला सांगू, माझा जीव त्या सवयीनंच वाचला. एकदा डाळ द्यायला गेले तर म्हणाले, "वैनी, पाय सुजलेत तुमचे. डाक्टरला दाखवा." मी म्हटलं, अहो, उभं राहून राहून सुजले असतील. "नाय. मागच्या शुक्रवारी अशे नव्हते." दाखवलं तर साखर केवढी वाढलेली! घरातल्या कुणाला दिसलं नाही ते. घरातले सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते ना.

त्यांची कुवेतची गोष्ट बहरीनमधल्या सगळ्या कोकणी घरांत माहीत होती. मला भाभींनी सांगितली, मासे साफ करता करता. इराकनं कुवेत घेतलं तेव्हा तिथल्या एका व्यापाऱ्याच्या वखारीत काम करणारी आपली चार कोकणी माणसं इराकी सैनिकांच्या हाती सापडली. समुद्राकाठच्या एका शाळेत त्यांना कोंडून ठेवलेलं. दिवसा धक्क्यावर आणून पोती उतरवून घ्यायचे, कामाला खूप, खायला थोडं. व्यापारी स्वतः निसटून बहरीनला आला होता. त्यानं दाऊदभाईंना गाठलं. तो किनारा दाऊदभाईंच्या पायाखालचा, जवानीत तिथं मासेमारी केलेली. सैनिकांनाही भाजीपाला लागायचाच, म्हणून कांदे-बटाट्यांच्या लाँचला धक्क्यापर्यंत येऊ देत. फक्त पहारेकरी येताना डोकी मोजायचा अन् जाताना तेवढीच आहेत का बघायचा. एक जास्त दिसलं तर गोळी.

मग दाऊदभाईंनी काय केलं, लाँचच्या पोटात चार घोंगड्या अंथरल्या, त्यांच्याखाली कांद्याची पोती आडवी घातली, अन् पहारेकऱ्याला सांगितलं, माझी चार माणसं तापानं पडलीत, अंगावर फोड आलेत. त्यानं नाकाला फडकं लावलं, लांबूनच मोजलं अन् मागं सरला. कांदे उतरवायला कैदीच आणले होते. भर दुपारची वेळ, पहारेकरी सावलीत. एकेक करून ती चार माणसं पोत्यांच्या जागी घोंगडीखाली गेली. "मानसाचं पोतं अन् पोत्याचं मानूस," भाभी म्हणाल्या. लाँचवर स्वयंपाक करणारा असतो, त्याला भंडारी म्हणतात. दाऊदभाईंचा भंडारी याकूब, त्यांच्याच गावचा, विशीतला असेल-नसेल, फार हसरा. तो नळावर पाणी भरायला उतरला अन् लाँच सुटली, तो तिकडंच राहिला. चौघं वाचले, एक गेला. अल्लाची मर्जी. भाभींची गोष्ट इथं संपली अन् त्यांनी माशाचे खवले वर्तमानपत्रात गुंडाळले.

मला मात्र तेव्हाच खटकलं होतं. माणूस पाणी भरायला उतरलाय तर लाँच का सोडली? पण विचारणार कसं... अन् कुणाला?

दर शुक्रवारी एक म्हातारा त्यांच्याकडं यायचा. आंध्राचा, नाव पेंटय्या, सित्र्याला कुठल्याशा गोदामावर राखणदार. ती नोकरी दाऊदभाईंनीच लावून दिलेली. केळी घेऊन यायचा, दाऊदभाईंचे पाय शिवायचा, चहा पिऊन जायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मी भाभींना म्हटलं, हा कोण हो? "हा बी त्याच लाँचीतनं आलेला," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, चारच होते ना, अन् तेही कोकणी? हा पाचवा कुठून आला? पण तेही तिथंच राहिलं. आपण बायका पुष्कळ गोष्टी अशा फळीवर ठेवून देतो.

एका भीमजयंतीला ह्यांच्या मंडळींनी ठरवलं, दाऊदभाईंचा सत्कार करायचा. कैद्यांना बंधनातून सोडवणारा माणूस आपल्या इमारतीत राहतो अन् आपण त्याला शालसुद्धा देऊ नये? हे त्यांना नुसते "जेवायला या" म्हणून घेऊन आले. हॉल भरलेला, सूत्रसंचालन करणारा जोशात. "शत्रूच्या जबड्यातून ज्यांनी आपली माणसं खेचून आणली..." दाऊदभाई पहिल्या रांगेत, मान खाली. टाळ्या पडल्या तसे ते उठले. सगळ्यांना वाटलं स्टेजवर येतायत. ते उलट्या दिशेनं गेले, दारातून बाहेर, रस्त्यावर, अनवाणी. जगाच्या चपला ओळखणारा माणूस स्वतःच्या दारातच विसरून गेला. मी त्या पिशवीत घालून आणल्या. ह्यांना वाईट वाटलं, "काही चुकलं का आपलं, दाऊदभाई?" तर म्हणाले, "नाय साहेब. तुमचं काय चुकनार? शाल चांगली होती. दुसऱ्याची होती, येवढंच."

युद्धानंतर किती वर्षं ते गावी गेले नव्हते. कंपनी सुट्टी द्यायची, तिकीट द्यायची, दाऊदभाई सुट्टीतही दुसऱ्याच्या लाँचवर. गावात याकूबची आई होती. दर ईदला तिचा निरोप यायचा, दाऊदला पाठवा, माझ्या पोराचं काय झालं ते त्याच्या तोंडून ऐकायचंय. शेवटी दोन वर्षांपूर्वी भाभींनी हट्टानं नेलं. महिन्याची सुट्टी होती, अन् आठवड्यात दाऊदभाई एकटेच परत! दार वाजलं, उघडलं तर ते बॅगेसकट उभे, फरशीच्या त्या कोपऱ्याकडं बघत. मी चहा दिला. कप हातात तसाच धरून बसले. म्हणाले, "वैनी, म्हातारीनं माझी हनवटी धरली. तोंड वर केलं. बोलली, बाबा, माझ्याकडं बघ, अन् सांग."

"मग?"

"मी डोळे मिटले."

चहावर साय धरली, तरी त्यांनी कप खाली ठेवला नाही.

त्यानंतर त्यांची तब्येत उतरत गेली. हृदय मोठं झालंय म्हणाले डॉक्टर. समुद्र बंद झाला. दारात खुर्ची टाकून बसायचे अन् जिना चढणाऱ्यांच्या पायांशी बोलायचे. "काय रे, आज ओव्हरटाइम? चाल जड हाय तुझी." मग तेही बंद झालं अन् हॉस्पिटल आलं.

गेले त्याच्या दोन दिवस आधी मी भेटायला गेले. दुपारची वेळ. भाभी नमाजाला पलीकडं गेलेल्या. मी स्टुलावर बसले, आमटी आणली होती ती चमच्यानं देऊ लागले. दोन चमचे घेतले अन् हात आडवा केला. म्हणाले, "वैनी, एक काम कराल? तुमी खोटं बोलत नाय, मला ठाऊक हाय."

मी म्हटलं, "सांगा तर आधी."

"तो म्हातारा, पेंटय्या... तो ठरलेला नव्हता. आमच्या चौघांसंगं पोती वाहात होता. त्यांच्या मागं तो बी चढला. त्याला उतरवाया मी हात धरला, तर त्यानं माझा पाय धरला. सोडीना. पहारेकरी सावलीतनं उठलेला. एक डोकं जास्त. येका तरी मानसानं उतरायला हवं होतं, वैनी. मी सुकाणावर. याकूब चुलीपाशी. मी काय बोललो नाय. देवाशप्पत, येक शब्द बोललो नाय. मी फक्त त्याच्याकडं बघितलं."

हातातला चमचा आमटीत बुडालेला.

"त्यानं हातातली पळी म्हाताऱ्याला दिली. पान्याचा डबा उचलला. बोलला, नाखवा, मी पानी भरून येतो. असा हसला बघा... अन् उतरला. पहारेकरी आला, मोजलं. यल्ला, म्हंजे निघा, बोलला. मी लाँच सोडली."

युद्ध संपल्यावर ते पहिल्या मदतीच्या बोटीनं तिकडं गेले होते, हेही तेव्हाच सांगितलं. शाळा रिकामी. धक्क्यावरचा नळ पुरता उघडा, पण पाणी नव्हतं त्याला. "मी तो बंद केला," म्हणाले. "दुसरं काय करनार?"

मग मला म्हणाले, "लाँचीवर नाखवा वरडत नाय, वैनी. वाऱ्यात कोन ऐकनार? नाखवा नजर टाकतो, मानूस उठतो. तीस वर्षं माझं काम नजरेवर चाललं. मला ठाऊक नाय, तेव्हा मी त्याला उतर बोललो का नाय. तो आपल्या मनानं उतरला, का माझ्या हुकमानं? म्हातारीला मला येवढंच सांगायचं होतं, अन् मलाच माहीत नाय. आता मी तुमच्याकडं तसाच बघतो. तुमी सांगा."

अन् दाऊदभाईंनी मान वर केली.

इतक्या वर्षांत मी त्यांचे डोळे पाहिले नव्हते. घारे होते. मोठे, ओले, अगदी स्थिर. त्यात राग नव्हता, दरारा नव्हता, अन् मी शोधत होते तो हुकूमही नव्हता. काय होतं ते मला अजून धड सांगता येत नाही. एखादं माणूस पाण्यात बुडतंय अन् हाक मारण्याइतकाही श्वास उरला नाही, तसं काहीतरी. किती वेळ गेला कोण जाणे. मी म्हणाले, "दाऊदभाई, हा हुकूम नाही हो. याला कुणी हुकूम म्हणणार नाही."

मनापासून म्हणाले. आजही म्हणते.

पण त्यांची नजर सवयीनं खाली गेली, माझ्या पायांवर. तिच्यामागं माझीही गेली... मी उभी होते. स्टुलावरून कधी उठले मला माहीत नाही. आमटीचा डबा खाली ठेवलेला अन् खाटेजवळचा पाण्याचा जग माझ्या हातात होता. दाराच्या दिशेनं पाऊल पडलेलं.

माझ्या पायांकडं बघून दाऊदभाईंनी हळूच मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी, अन् तोंड भिंतीकडं वळवलं. तेवढ्यात भाभी आल्या. "काय, आमटी संपवली का नाय?" म्हणाल्या. मी तो जग भरून आणला. दुसरं काय करणार होते?

त्यांच्या मयतीत पेंटय्या पुरुषांच्या मागं उभा होता, केळ्यांची पिशवी तशीच हातात धरून. शुक्रवार होता तो.

या दीड महिन्यात मी त्या उठण्याचा फार विचार केला. अन् आता मला जे वाटतं ते त्यांना सांगायला ते नाहीत, म्हणून इथं लिहिते. दाऊदभाई, मला तुमची भीती कधीच वाटली नव्हती. तुमचा पगार मी खात नव्हते, तुमच्या लाँचवर मी नव्हते. तरी मी उठले. माझ्या सुजलेल्या पायांकडं ज्यानं बघितलं तो माणूस तहानलेला दिसला, म्हणून उठले. याकूबनंही तुमच्या नजरेत तेच बघितलं नसेल कशावरून? भाभींना मी सगळं सांगितलं, तर हे मी तेव्हाच्या तेव्हा बोलायला हवं होतं असं त्या म्हणतात. पण तेव्हा ते मला कुठं ठाऊक होतं...

याकूबच्या आईला हे सांगायला भाभी पुढच्या महिन्यात जाणार आहेत. मीही सोबत येते म्हटलंय. ती माझी हनवटी धरील तर धरू दे. मी डोळे उघडे ठेवीन.

आमच्या दारातली फरशी हे किती दिवस बदलू म्हणतायत. मी बदलू दिली नाही. बेल वाजली की मी दार उघडते अन् आधी खाली बघते, उडालेल्या कोपऱ्यापाशी कुणाचे पाय आहेत ते. मगच वर.