हरल्यावरचं जेवण

"जेवलात का रे?"

शेवटची शिट्टी वाजली, पंचांनी हात वर केला, की दगडावरून हा प्रश्न यायचा. तोही आम्ही हरलो असलो तरच. जिंकलेल्या दिवशी काका आम्हाला ओळखसुद्धा दाखवत नसत. छत्री उचलायची, काळी टोपी झटकायची आणि सरळ घरची वाट धरायची. बाळू, म्हणजे आमचा कप्तान, एकदा जिंकल्यावर घामाघूम होऊन त्यांच्या पाया पडायला गेला. काका दोन पावलं मागे सरले. म्हणाले, "पुरे रे. आज तुझी पाठ थोपटायला अख्खं घाटकोपर आहे. मला भूक लागलीय, मी निघतो."

मी त्या संघाचा राखीव गडी. राखीव हा शब्द ऐकायला भारदस्त आहे म्हणून सांगतो, काम एकच: बाकीच्यांचे शर्ट, चपला आणि घड्याळं सांभाळायची. मध्यरेषेच्या बरोब्बर समोर एक काळा दगड होता. दगडावर काका आणि खाली मातीत मी. पन्नास सालानंतरचे ते दिवस. मला खेळायला कधी मिळालं नाही, पण दर रविवारी काका मात्र ऐकायला मिळाले. आज विचाराल तर सौदा वाईट झाला नाही.

काका स्वतः जन्मात कधी हुतुतू खेळले नव्हते. फोर्टातल्या कचेरीत हेडक्लार्क, अंगानं गोल, धोतर, कोट, आणि बारमाही छत्री. ती छत्री पावसासाठी नव्हतीच, बोट दाखवायला होती. आमच्या खेळाला तेव्हा सगळे नव्यानं कबड्डी म्हणू लागले होते, ते त्यांना मुळीच रुचलं नव्हतं. "हुतुतू म्हणताना पोटातून वारा निघतो. कबड्डी म्हणताना नुसती थुंकी उडते," असं त्यांचं मत. मत म्हणजे शेवटचा शब्द. त्यावर अपील नाही.

मुंबईविषयी त्यांची मतं अशीच. कुठल्या वस्तीतली पोरं कशी खेळतात हे ते त्या वस्तीच्या रस्त्यांवरून सांगत. "वाकोल्याच्या पोरानं पाय धरला की सुटत नाही. का? गल्ल्याच एवढ्या अरुंद, समोरून माणूस आला की त्याला धरूनच पुढे जावं लागतं. कांजूरची पोरं चिखलात वाढलेली, त्यांच्या तळव्यांना डोळे आहेत. आणि मालाडवाले? एकादशी-चतुर्थी सांभाळून खेळतात बिचारे. मध्यंतरापर्यंत वाघ, मग ढेपाळले!" मी म्हणायचो, "आणि काका, आपण घाटकोपरवाले?" त्यावर छत्री माझ्या डोक्यावर टेकायची. "आपण गप्पा मारतो. बघ समोर, पकड सुटली."

खाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. फोर्टातली हॉटेलं त्यांना पसंत नव्हती, कारण तिथे लोक उभ्यानं खातात. "उभ्यानं घोडा खातो. माणसाला मांडी दिलीय देवानं." इराण्याचा चहा चांगला, पण भिंतीभर आरसे. "खाताना माणसानं स्वतःकडे बघू नये, घास लहान होतो." सगळ्या मुंबईत त्यांच्या कसोटीला उतरलेली जागा एकच, आमच्या स्टेशनाजवळचं अण्णाचं उडुपी हॉटेल. तिथलंही सांबार त्यांनी सहजासहजी पास केलं नाही. "आमटीला शाळेत घातलं की तिचं सांबार होतं," असं म्हणत म्हणत दोन वाट्या संपवायचे.

याच हॉटेलात ते आम्हाला न्यायचे. हरल्यावर. पुरी, बटाट्याची भाजी, सांबार आणि शेवटी शिरा. रविवारी सकाळीच अण्णाला सांगून ठेवलेलं असायचं, सगळ्या पोरांचं. संध्याकाळी आम्ही मान खाली घालून त्यांच्या मागून निघायचो. जेवताना खेळाविषयी कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा नियम. पहिली वाटी कोणाच्याच घशाखाली उतरत नसे. बाळू तर नुसती पुरी फोडत बसायचा. मग काका अण्णाला खूण करायचे आणि म्हणायचे, "वाढ रे. पहिली वाटी हरल्याची. दुसरी भुकेची." आणि काय सांगू तुम्हाला, दुसऱ्या वाटीला खरंच सगळे तुटून पडायचे. तिसरीला कोणीतरी हसायचा.

मी एकदा त्यांना विचारलं, "काका, लोक जिंकल्यावर पेढे वाटतात. तुमचं हे उलटं काय खूळ?"

"जिंकलेल्याला कोणीही खाऊ घालतो रे. आणि तो खातो कुठे? त्याचं पोट बोलण्यानंच भरतं. हरलेल्याला भूक नसते असं लोकांना वाटतं, म्हणून त्याला विचारायला कोणी जात नाही. तो घरी जातो, पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. मला ते बघवत नाही."

एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. पुढे मीही विचारलं नाही.

काकूंची मजा वेगळीच. चाळीत आमच्या दोन खोल्या सोडून त्यांचं बिऱ्हाड. रविवारी संध्याकाळी काका दारात आले की काकू एवढंच विचारायच्या, "पान वाढू का?" काका "वाढ" म्हणाले की आम्ही जिंकलेले. मग काकू पिठलं टाकायच्या आणि चाळभर बातमी पसरायची. "नको" म्हणाले की काकू समजून जायच्या. "तुमच्या पोरांना म्हणावं जरा जास्त हरा, माझा रॉकेलचा खर्च वाचेल," असं त्या वर ऐकवायच्या, हसत हसत.

अण्णाचं तर गिऱ्हाईकच ते. सकाळी काका दिसले की गल्ल्यावरून ओरडायचा, "काय काका, आज हरणार ना?" आम्ही जिंकलो की त्याचे उकडलेले बटाटे तसेच राहायचे, आणि सोमवारी सकाळी त्याच्या कढईत भले मोठे बटाटेवडे तळले जायचे. सामना न बघितलेली माणसंसुद्धा वड्याचा आकार बघून विचारायची, "काय अण्णा, काल पोरं जिंकली वाटतं?"

हे सगळं झकास चाललं होतं. खुपलं ते एकाच माणसाला, आमच्या संघाच्या चिटणिसांना. किडकिडीत, शिस्तीचे, गळ्यात शिट्टी. ती झोपतानाही काढत नसावेत असा आमचा संशय. त्या वर्षी आम्ही लागोपाठ तीन सामने हरलो आणि चिटणिसांच्या डोक्यात पक्कं बसलं की ही कार्टी पुऱ्यांसाठी हरतात. म्हणे वाकोल्याला पकडीत सापडल्यावर बाळू हसताना दिसला! बाळूनं आईची शपथ घेतली. माझ्यावर मात्र कोणी आळ घेतला नाही. मी कसला हरवतोय, मी चपलांपाशी होतो.

तरी नशिबानं बाकीचे सामने जिंकून आम्ही त्या वर्षीच्या फायनलला पोचलो. समोर वेसावा कोळीवाड्याचा संघ. आदल्या आठवड्यात चिटणिसांनी मंडळाच्या खोलीत बैठक बोलावली आणि सगळ्यांदेखत काकांना म्हणाले, "काका, राग मानू नका. पण पोरांना हरण्याची चटक लागलीय. फायनलनंतर हरलेल्यांना घेऊन तुम्ही अण्णाकडे गेलात, तर यापुढे मैदानावर यायचं नाही."

काकांनी छत्रीची मूठ फिरवली. मग विचारलं, "दगडावर नाही बसायचं?"

"नाही."

"रस्त्यावरून बघितलं तर?"

"काका, मैदानाकडे फिरकायचंच नाही."

मला असा संताप आला! आठवडाभर कचेरीत साहेबाची बोलणी खाणारा हा माणूस शुक्रवारपासून रविवारविषयी बोलायला लागायचा. त्याच्याकडून दगड काढून घ्यायचा म्हणजे काय? पण काका शांतपणे म्हणाले, "बरं. नाही नेणार." आणि उठले.

फायनलच्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो, तर काका अण्णाच्या हॉटेलातून बाहेर पडताना दिसले.

"काका! शब्द दिलात ना?"

"दिलाय ना. मी नाही नेणार. पोरं हरली तर तू ने, अण्णा वाढेल. मी घरी जाईन." थोडं पुढे जाऊन परत वळले. "दुसऱ्या वाटीचं लक्षात ठेव तेवढं."

सामन्याचं काय वर्णन करू! कोळीवाड्याची पोरं म्हणजे काळ्या कातळासारखी. त्यांचा कप्तान पोशा. मासळीच्या होडीवर दोर ओढून हात असे झालेले की धरला की माणूस हलायचा नाही. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढे, आणि चढाईला पोशा. तो आत घुसला, एकाला शिवला, आणि परत फिरताना बाळूनं त्याचा घोटा धरला. पोशा पालथा पडला, तरी सरपटत निघाला. हात रेषेकडे लांब केलेला. बोटं आणि रेषा यांच्यात वीतभर माती. मी चपला टाकून उभा राहिलो. काकाही दगडावर चढले होते, धोतर सावरायचं भान नव्हतं. आणि पोशाचा दम तुटला.

मग काय! गुलाल, ढोल, चिटणिसांची शिट्टी. चिटणीस आनंदानं शिट्टी वाजवू शकतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाळूला खांद्यावर घेतला, चिटणिसांच्या डोक्यावर कप. मी सवयीनं दगडाकडे बघितलं. काकांनी छत्री उचलली, टोपी झटकली, घरच्या दिशेनं चार पावलं टाकली, आणि थांबले.

मैदानाच्या पलीकडच्या कडेला कोळीवाड्याची पोरं बसली होती. अंधेरीच्या बसला अवकाश होता. पोशा गुडघ्यावरचं रक्त मातीनं पुसत होता. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी धावत गेलो, म्हटलं आता हे काय करतायत?

"जेवलात का रे?" काकांनी विचारलं.

पोशानं वर बघितलं. त्याला वाटलं थट्टा चाललीय. काकांनी पुन्हा विचारलं. तो मान हलवून म्हणाला, "नाय."

"मग चला. पुऱ्या थंड होतील."

मिरवणूक अण्णाच्या हॉटेलावरून गेली तेव्हा आतलं दृश्य बघून ढोलच थांबला. आमच्या नेहमीच्या बाकांवर कोळीवाडा बसलेला, आणि काका मधे उभे राहून सांबार वाढायला लावतायत. चिटणीस लाल झाले. गुलालानं होतेच, वर रागानं. कप कवटाळून दारात आले.

काका त्यांना बघून पुढे झाले. म्हणाले, "चिटणीस, अट मोडली मी. हरलेल्यांनाच आणलंय. पुढच्या रविवारपासून नाही येत."

खरं सांगतो, त्या क्षणी मला कपाचं काही वाटेना. ढोलवाला हातातल्या टिपऱ्यांकडे बघत होता. तेवढ्यात बाळू कोणाच्यातरी खांद्यावरून उतरला, आत शिरला आणि पोशाला म्हणाला, "सरक रे जरा." पोशा सरकला. मग एकेक करत आमची सगळी पलटण आत. मिरवणुकीत उरले ढोलवाला आणि चिटणीस. ढोलवालाही ढोल बाहेर ठेवून आत आला.

चिटणीस कपासकट उभे. मग घसा खाकरून म्हणाले, "अट आपल्या हरलेल्या पोरांची होती. यांची कुठे होती?" आणि गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. "अण्णा, सांबार उरलंय का?"

काकांनी छत्रीनं बाकावरची रिकामी जागा दाखवली.

त्या दिवशी घरी गेल्यावर काकूंनी विचारलं, "पान वाढू का?" काका म्हणाले, "नको." काकूंनी पदर तोंडाला लावला, "अगं बाई, फायनल हरले गं!" आणि खाली चाळीच्या अंगणात तर ढोल वाजत होता. काकूंना समजावून सांगताना आम्हाला घाम फुटला.

पुढची तीन-चार वर्षं काका दगडावर होतेच. कोळीवाडा हरला की पोशा आमच्याकडचा सामना नसला तरी कधीकधी येऊन अण्णाकडे बसायचा, येताना काकूंना सुके बोंबील आणायचा. मग एका वैशाखात काका दोन दिवसांच्या तापानं गेले. धडधाकट माणूस. शनिवारी माझ्याशी मालाडच्या पोरांवर वाद घातलेला, आणि सोमवारी नाही. मी खूप रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

स्मशानातून येऊन, अंघोळी करून आम्ही सगळे चाळीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. काकूंना शेजारच्या बायकांनी पिठलंभात आणून दिला होता. तो तसाच झाकून ठेवलेला. बाळू भिंतीकडे तोंड करून बसला होता. चिटणीस शिट्टीच्या दोरीशी चाळा करत होते.

पोशा आला तो थेट आमच्यासमोर. मागे त्याची सगळी पोरं. तो स्मशानातही होता, पण मधेच कुठे गेला ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडे बघत त्यानं विचारलं, "जेवलाव का रं?"

बाळूनं भिंतीकडचं तोंड तेवढं वळवलं.

"आज दोन्ही टीम हरल्या," तो म्हणाला. "चला. अण्णाला सांगून आलोय."

आम्ही उठलो आणि त्याच्या मागून निघालो. अण्णानं गल्ल्यावरून काही विचारलं नाही, स्वतः वाढायला आला. काकांची बाकावरची जागा आम्ही मोकळी सोडली. खेळाविषयी कोणी बोललं नाही. पहिली वाटी माझ्या घशाखाली उतरेना, नुसती पुरी फोडत बसलो. समोर बाळूची तीच गत. शेवटी एका दमात ती संपवली आणि अण्णापुढे वाटी धरली. म्हटलं, "वाढ."