चेंडू लागला होता का

सास्तूरच्या अलीकडं आमचं गाव आहे. तिथं माझं पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान आहे आणि चाळिशी आली तरी मी टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतो. टीममधली बाकीची पोरं माझ्याहून पुष्कळ लहान. कॅप्टन माझा चुलतभाऊ, तोही तेरा-चौदा वर्षांनी धाकटा. मला घेतात ते माझ्या फिरकीसाठी. बॅटिंगला मी शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा येतच नाही.

त्या वर्षी जळकोटजवळ हायवेच्या कडेला, सोयाबीन काढलेल्या रानात स्पर्धा होती. मुरूम टाकून, रोलर फिरवून पीच केलं होतं. मंडपात माईकवर बोलणारा एक जण आणि स्टँडवर लावलेला मोबाईल, त्यावरून मॅच लाइव्ह दिसायची. आम्ही पहिल्यांदाच फायनलला पोचलो होतो आणि समोर होती माझी सासुरवाडी, बेंबळीच्या अंगाचं एक गाव. त्यांचा कीपर माझा सख्खा मेहुणा. मी बॅट घेऊन निघालो तेव्हा माईकवाला म्हणाला, "आता मैदानात येत आहेत जावईबापू. पाहुणचार कसा होतो बघू." लोक हसले. मीही हसलो. शेवटची जोडी होती. तीन चेंडूंत चार धावा पाहिजे होत्या, चुलतभाऊ समोरच्या टोकाला जम बसवून उभा होता आणि स्ट्राइक माझ्याकडं होता.

तो माझ्याजवळ आला. "दादा, फक्त एक काढा. पुढचं मी बघतो."

टेनिस बॉलचं एक असतं. लेदरचा चेंडू कडेला लागला तर आवाज होतो, पंचाला कळतं. हा नुसता घासून गेला तर काही ऐकू येत नाही, त्यात माईकचा गोंगाट. कळलं तर खेळणाऱ्याच्या हाताला कळतं. म्हणून आमच्याकडं सगळ्यांची रीत ठरलेली आहे, पंचाचं बोट वर होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही.

चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर, खाली राहिला. मी वाकून बॅट घातली. हातात काहीतरी बारीक जाणवलं. चेंडू मागं मेहुण्याच्या हातात गेला आणि ते सगळे ओरडले. पंच म्हणजे त्याच भागातले एक निवृत्त मास्तर, पांढरी टोपी घातलेले. त्यांनी मान हलवली. नॉट आऊट.

मला तेवढं बघून उभं राहता आलं असतं. पण पाय निघाले. चार पावलं गेलो असेन, तेव्हा मास्तरांनी हाक मारली.

"थांबा. मी आऊट दिलेलं नाही. लागला का?"

आता सगळं मैदान माझ्याकडं बघत होतं. चुलतभाऊ हात हलवून 'परत या' म्हणत होता.

"लागला, सर," मी म्हणालो.

मास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि बोट वर केलं.

पिकअपमधून गावी येताना कोणी बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चुलतभाऊ ड्रायव्हरशेजारी बसला होता, एरवी तो आमच्यात मागं बसतो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "तुझं माहेर जिंकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर क्लिप आली. कोणीतरी तेवढ्या चेंडूचा भाग कापून, सावकाश करून टाकला होता. मी दुकानाचं शटर अर्धं वर करून तिथंच खाली बसून बघितला. बॅट खाली येते, टोक मुरमाला घासतं, बारीक धूळ उडते आणि चेंडू बाजूनं जातो. बॅट आणि चेंडू यांच्यात फट आहे की नाही, ते मोबाईलच्या चित्रात कळत नाही. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'बॅट जमिनीला लागली. आपला माणूस स्वतःहून गेला.' त्याच्या खाली आणखी एकानं, 'सासुरवाडीला आहेर.'

मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला सांगता यायचं नाही. कधी वाटायचं, लागलाच होता. कधी वाटायचं, ती जमीनच होती. हाताला जे जाणवलं ते आठवायला गेलो की आठवण बदलायची. मोटारीची वायर गुंडाळताना बोटं थांबायची. रिकाम्या हातानं मी तसा वाकून बघायचो आणि मग कोणी बघितलं की काय म्हणून रस्त्याकडं बघायचो.

गिऱ्हाईक यायचं, मोटार उतरवायचं आणि म्हणायचं, "काय हो, खरंच लागला व्हता का?" मी म्हणायचो, "लागला होता." दरवेळी तो शब्द थोडा हलका पडत होता. एक जण, चांगला ओळखीचा, हसत म्हणाला, "सासऱ्यानं काय कबूल केलंय ते तर सांगा." तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तो मोटार दाखवायला आलाच नव्हता.

बायकोला पिठाच्या गिरणीवर ऐकावं लागलं. ती डबा आपटून आत आली. "माझ्या माहेराचं नाव कशाला घेतात? तुम्ही काय सांगितलं लोकांना?"

"काहीच नाही."

"मग सांगा ना काहीतरी."

काय सांगणार? खात्रीनं सांगू शकेल असा एकच माणूस होता, माझा मेहुणा. कॅच त्याच्याच हातात गेला होता. पण त्याला विचारायची मला भीती वाटत होती. तो 'लागला' म्हणाला असता तर गावात कोणी मानलं नसतं. 'नाही लागला' म्हणाला असता तर मी नुसत्या भासापायी पोरांची मॅच घालवली, हे पक्कं झालं असतं. त्याचा फोन आला तरी मी उचलत नव्हतो.

शेवटी बायकोनंच त्याला फोन लावला, स्पीकरवर. मी भिंतीकडं तोंड करून बसलो.

"खरं सांग," ती म्हणाली, "चेंडू बॅटला लागला होता का?"

"ताई, देवाशपथ, मला न्हाय कळलं. सगळे ओरडले म्हणून म्या बी ओरडलो. दाजी निघाले तवा मलाच नवल वाटलं. दाजी हायेत का तिथं?"

"आहेत."

"दाजी, आमच्यात कोणीबी गेलं नसतं."

त्याला ते चांगल्या अर्थानं म्हणायचं होतं. मला मात्र त्याचं 'न्हाय कळलं' एवढंच ऐकू आलं होतं. म्हणजे आता कळायची काही वाटच उरली नव्हती. बायकोनं फोन ठेवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला त्या वेळी लागला असं वाटलं ना? मग झालं."

चुलतभाऊ एवढे दिवस दुकानासमोरून गाडी न थांबवता जात होता. पुढची स्पर्धा जवळ आली तेव्हा तो आला आणि स्टुलावर बसला. बराच वेळ पाना हातात घेऊन फिरवत राहिला.

"दादा, एकच सांगा. लागला हे माहीत होतं का लागला असं वाटलं?"

"वाटलं."

"परत असं वाटलं तर?"

मला खोटं बोलायचं होतं. त्याला बरं वाटेल असं काहीतरी. "जाईन बहुतेक," मी म्हणालो.

त्यानं सुस्कारा सोडला. "सासुरवाडीचं म्या कधीच मानलं न्हाय. पण पोरं लई चिडलीत. तुमाला काढा म्हणतात." मग पाना खाली ठेवला. "बॉलिंगला तुमी लागताच. असं करू, तुमी ओपनिंगला या. सुरुवातीला निघून गेलात तर मागं नऊ जण राहत्यात."

तो हे गंभीरपणे बोलत होता. मला हसू आलं, मग त्यालाही आलं.

त्या स्पर्धेत मी ओपनिंगला गेलो. बॉलरची भीती नव्हती. चेंडू परत तसाच बारीक बाजूनं जाईल आणि पुन्हा सगळे माझ्याकडं बघतील, ही धास्ती होती. आणि दुसऱ्याच षटकात तसंच झालं. चेंडू बॅटजवळून मागं गेला, कीपरनं धरला, सगळे ओरडले. पंचांनी बोट न उचलता माझ्याकडं बघितलं. ती क्लिप त्यांनीही बघितली असणार.

या वेळी हाताला काहीच जाणवलं नव्हतं. "नाही लागला," मी म्हणालो.

त्यांच्या कॅप्टननं पोरांना हात केला. "चला, चला. ते म्हणतात म्हंजे न्हाय लागला." कोणी वाद घातला नाही. समोरच्या टोकावरून चुलतभाऊ माझ्याकडं बघून हसला, हे आता आपल्या कामाचं आहे, असं.

मला हसता आलं नाही. आता मी जे म्हणेन ते खरं धरलं जाणार होतं. एखाद्या दिवशी मी चुकलो, किंवा मोह झाला, तरी कोणाला कळणार नव्हतं. आधी माझ्यावर गाव विश्वास ठेवत नव्हतं, ते एक परवडलं होतं. मी क्रीझवर उभा राहिलो आणि मनात म्हणत होतो, घासून जाणारा नको, काहीही येऊ दे.

त्याच षटकात एक चेंडू सरळ आला, मी चुकलो आणि मधला स्टंप उडाला. कोणी ओरडून विचारलं नाही, पंचांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी बॅट काखेत धरून मंडपाकडं निघालो आणि कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला.