झाकलेल्या बोर्डावरचं टोकन

कारखान्यातून एखादा माणूस कमी केला, की त्याच्या हातचं काम कुठं जातं? कधी विचारलंय?

मी विचारलं होतं, भर मीटिंगमध्ये. नंतर जे घडलं ते इथं लिहिताना मला संकोच वाटतोय, कारण मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांपैकी नाही. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा कामगार संघटनेचे. सुट्टीत इतर मुलं खेळायची तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत बसायचे. भूतबाधा, उतारे, बुवाबाजी — या सगळ्याविरुद्ध मी कॉलेजात भाषणं केलीत. आजही करीन. तरीही...

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला हलणारी फळी असते, तिला फ्लॅप म्हणतात. ते फ्लॅप आम्ही जोडायचो. मी इन्स्पेक्शनला होते. माझा शिक्का पडल्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे.

विमानाच्या कामात एक नियम फार कडक असतो. प्रत्येक कामगाराचा हत्यारांचा स्वतंत्र बोर्ड, आणि त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यार उचललं की त्या जागी आपलं पितळी टोकन अडकवायचं. परत ठेवलं की टोकन खिशात. शिफ्ट सुटताना एक जरी टोकन लटकत असलं तरी कुणी घरी जायचं नाही, हत्यार सापडेपर्यंत शोधायचं. ते फ्लॅपच्या पोटात राहिलं आणि वर आभाळात कुठं अडकलं, तर... पुढचं सांगायला नको.

फ्लॅप जोडणाऱ्यांतला बिरूअण्णा हा नियम आपल्या तऱ्हेनं पाळायचा. जत तालुक्यातला धनगर, घरातले सगळे मेंढरं घेऊन हिंडलेले. शिफ्ट सुटताना एकेका हत्याराला बोट लावायचा आणि ओरडायचा, "आली का रं समदी वाड्याला?" वाडा म्हणजे त्यांचा मेंढरांचा तळ.

पलीकडून लोणंदचा सचिन म्हणायचा, "अण्णा, एक लंगडं मागं ऱ्हायलंय बगा."

"ते तूच हायस गड्या. चल, ये लवकर."

मग लॉकडाऊन आला. जगभर विमानं जमिनीवर उभी राहिली, ऑर्डरी आटल्या, निम्मी माणसं घरी पाठवली. बिरूअण्णा त्यातच. "मंदी आहे, कुणाच्या हातात नाही," असं आम्हाला सांगितलं. मंदी कुणाच्या हातात नसेलही, पण आधी कुणाला काढायचं हे कुणाच्या तरी हातात होतंच ना? गेलेल्यांचे बोर्ड कापडानं झाकून टाकले. काही महिन्यांनी थोडं काम परत आलं. माणसं बोलावली? नाही. उरलेल्यांनीच दोघा-तिघांचं ओढायचं. मी मीटिंगमध्ये विचारलं, की गेलेल्यांचं काम कुठं गेलं, आणि झाकलेले बोर्ड कोण तपासतं? मॅनेजर साहेब म्हणाले, "तिथं माणूसच नाही, तर तपासायचं काय?"

त्या दिवशी जेवणाची सुट्टी झालेली. मशिनी बंद, पंखे बंद. बाकीचा माल ट्रकात चढला होता, शेवटच्या फ्लॅपवर शिक्का मारायचा राहिला होता. मी त्याच्यापाशी आले आणि आवाज ऐकला.

टिण... टिण.

मेंढराच्या गळ्यातली घंटी हलावी तसा. आवाज बिरूअण्णाच्या बोर्डाकडून येत होता, कापडाच्या आतून.

उंदीर असेल म्हणून मी कापड उचललं. हत्यारं जागच्या जागी होती, एक सोडून. पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकताना मागून धरायचा पोलादी ठोकळा नव्हता. त्याच्या आकृतीवर पितळी टोकन लटकत होतं आणि हलत होतं. वारा कसलाच नव्हता. टोकन बिरूअण्णाचं. नंबर त्याचा, आणि खूणही त्याची — मूळ भोक झिजलं म्हणून त्यानं शेजारी दुसरं पाडलं होतं, तिरकं. त्या तिरक्या भोकावरून सगळे त्याची चेष्टा करायचे.

मी टोकन काढून घेतलं आणि शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवला.

साहेब धावत आले. "गेलेल्या माणसाचं टोकन? कुणीतरी चावटपणा केलाय."

"असेल. पण ठोकळा कुठाय?"

"मॅडम, ट्रक उभा आहे."

"उभा राहू दे."

"पुढच्या वेळी कुणी घरी जायचं, ते मीच ठरवणार आहे. एवढं लक्षात ठेवा."

"मग शिक्का तुम्हीच मारा," मी ड्रॉवर उघडून दाखवला. त्यांनी हात लावला नाही.

मागं सचिन उभा होता. तोंड पार उतरलेलं.

"ताई, ठोकळा मी घेतलाय. काल. माझा पल्याडच्या फ्लॅपपाशी ऱ्हायला हुता. दोन्हीकडं मीच एकटा, कितींदा पळू? म्हणून कापड वर केलं नि अण्णाचा घेतला."

"टोकन लावलंस?"

"झाकल्याल्या बोर्डाला कोण टोकन लावतंय?" मग हळूच म्हणाला, "परत ठिवल्याचं काय ध्यानात न्हाई."

"आणि हे टोकन काल होतं तिथं?"

"न्हाई. आईशप्पत न्हाई."

रिव्हेट काढून फ्लॅपचा पत्रा सोडवला. ठोकळा आतच होता, सांध्याला लागून.

सचिनला निष्काळजी ठरवून काढलं. पाठोपाठ मलाही, "पुनर्रचना" असा शब्द वापरून. अण्णाच्या बोर्डावरचं कापड मात्र निघालं. का? हार घालायला. साहेबांनी स्वतः नारळ फोडला. अण्णाचा आत्मा राखण करतो, अशी बोलवा उठली. फुकटचा राखणदार मिळाल्यावर पगारी माणूस कशाला बोलावतील?

मी एसटी बदलत बदलत जतला गेले. अण्णा गावाबाहेर माळावर मेंढरं चारत होता. बायको डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन आलेली. अंगावर येणाऱ्या कुत्र्याला त्यानं कानडीत दटावलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. नारळाचं ऐकल्यावर हसला, पण ते हसू लगेच गेलं.

"मी काय मेलोय व्हय गं? माझ्या आत्म्याला नारळ फोडत्यात, अन् मला कामावर ये म्हणाया त्यांची जीभ उचलंना?"

"अण्णा, तुमचं टोकन कुठंय?"

"मला काढलं त्या दिवशी गेटवर त्यांनी बूट काढून घेतलं, कार्ड घेतलं. टोकन खिशातच ऱ्हायलं. ते बग."

पुढच्या मेंढ्याच्या गळ्यात घंटीशेजारी काळ्या लोकरीच्या दोऱ्यात टोकन ओवलेलं होतं. तोच नंबर. तेच तिरकं भोक. मी माझ्या खिशातलं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. अण्णानं मेंढ्याला जवळ ओढलं. शिफ्ट सुटताना हत्यारांना लावायचा तसं दोन्ही टोकनांना बोट लावलं.

"भोक म्या एकदाच पाडलं हुतं," तो म्हणाला. "माझ्या हातानं."

बायकोनं पाटी खाली ठेवली. "नगं ते हितं," ती एवढंच म्हणाली.

"तूच ठिव," अण्णानं टोकन मला परत दिलं. "माझं माझ्यापाशी हाय."

माझ्या मैत्रिणीचा भाऊ विट्याचा, सोनं गाळायचं काम करतो. त्यानं टोकन घासून, तापवून पाहिलं. साधं पितळ. ते आता माझ्या टेबलावर आहे. कुणी मुद्दाम दुसरं बनवलं म्हणावं, तर बनवणाऱ्याला ठोकळा आत राहिलाय हे कसं कळलं? कळलं होतं, तर तोंडानं का सांगितलं नाही? ते कोडं सुटेल तेव्हा सुटेल. मात्र एका गोष्टीचा संताप अजून जात नाही: टोकन आपोआप उगवलं यावर अख्ख्या कारखान्याचा विश्वास बसला, आणि ते ज्याचं त्याला परत बोलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्याकडंही कपात झाली असेल, तर उद्या कामावर गेल्यावर झाकलेल्या बोर्डांवरचं कापड काढा. एखादी जागा रिकामी दिसली तर सही करू नका, शिक्का मारू नका. नारळ तर मुळीच फोडू नका. ज्याचा तो बोर्ड आहे त्याला फोन लावा.

तो उचलेल. जिवंत आहे तो.